ट्रम्प यांच्या मुलांनाच ट्रम्प यांना मत देता आलं नव्हतं! अमेरिकेतल्या तरुण मतदारांची गोची समजून घ्या

गोष्ट आहे एप्रिल २०१६ ची. डोनाल्ड ट्रम्प रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी राज्याराज्यांत लढत होते. आता त्यांच्या घरच्याच राज्यात, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये, मतदान होणार होतं. मुलगी इव्हांका आणि मुलगा एरिक दोघंही वडिलांच्या प्रचारात पुढे होते. पण मतदानाला आठवडा राहिलेला असताना ट्रम्प यांनीच टीव्हीवर सांगून टाकलं की या दोघांना मत देता येणार नाही.

कारण काय? दोघांची नाव-नोंदणी रिपब्लिकन मतदार म्हणून झालेली नव्हती. न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे पक्षाची नोंद बदलायची शेवटची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१५. मतदान होतं १९ एप्रिल २०१६ ला. म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच मुदत संपली होती!

वडील अध्यक्षपदाचे उमेदवार, मुलं तिशीतली, पैसा-वकील सगळं हाताशी, तरीही तारीख चुकली. मग कॉलेजात शिकणाऱ्या, दर वर्षी खोली बदलणाऱ्या १९ वर्षांच्या पोराचं काय होत असेल?

अमेरिकेतल्या तरुणांच्या राजकारणावर आपल्याकडे रील्स खूप फिरतात. ‘तरुण पिढी डावी झाली’, ‘तरुण पोरं ट्रम्पकडे गेली’, ‘जेन झी कुणाचीच नाही’. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडंथोडं तथ्य आहे. पण खरी मेख दुसरीकडेच आहे. तिथल्या तरुणांमध्ये ‘आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढत चालली आहे, आणि अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याची किल्ली मात्र बऱ्याच राज्यांत ‘आम्ही या पक्षाचे’ असं लिहून देणाऱ्यांच्याच हातात आहे.

हे नेमकं कसं होतं, ते बघू.

पक्षाचे असणं म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे ‘तो अमुक पक्षाचा’ म्हटलं की कार्यकर्ता डोळ्यांसमोर येतो. सभेला जाणारा, बॅनरवर फोटो असणारा, निदान सदस्य नोंदणीचा मिस्ड कॉल दिलेला. सामान्य मतदार कुठल्या पक्षाचा, हे सरकारी मतदार यादीत लिहिलेलं नसतं.

अमेरिकेत साधारण ३० राज्यांत ते लिहिलेलं असतं. मतदार म्हणून नाव नोंदवताना अर्जातच विचारतात: तुमचा पक्ष कोणता? डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, एखादा छोटा पक्ष, की कुठलाच नाही? यासाठी फी नाही, शपथ नाही, पक्षाच्या ऑफिसात जायचं नाही. चौकटीत एक खूण केली की झालं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मत कुणालाही द्यायला तुम्ही मोकळे.

म्हणजे इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. एक, नोंदणी: सरकारी यादीत तुमच्या नावापुढे काय लिहिलंय. दोन, कल: कुणी विचारलं तर तुम्ही स्वतःला कुठल्या बाजूचे सांगता. तीन, प्रत्यक्ष मत: तुम्ही शेवटी कुणाला दिलंत. एखादी मुलगी यादीत ‘कुठलाच पक्ष नाही’ अशी असते, सर्वेक्षणात ‘डेमोक्रॅट्सकडे झुकते’ म्हणते, आणि मतदानाच्या दिवशी घरीच बसते. असे लाखो तरुण आहेत.

तिकीट देतो कोण?

आपल्याकडे विधानसभेचं तिकीट कुणाला, हे पक्षाचे नेते ठरवतात. इच्छुकांच्या मुंबई-दिल्ली वाऱ्या, याद्या, नाराजी, बंडखोरी हा सगळा खेळ आपण बघतोच. मतदाराला थेट पक्षाने दिलेली नावं मिळतात.

अमेरिकेत तिकीट मतदारच देतात. नोव्हेंबरमध्ये मुख्य निवडणूक, आणि त्याआधी जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत प्रत्येक पक्षाची राज्यवार पूर्वनिवडणूक. हिलाच म्हणतात प्रायमरी. काही राज्यांत मतपेटीऐवजी लोक शाळेत, हॉलमध्ये जमून कौल देतात, त्याला कॉकस म्हणतात. या मतांवरून प्रत्येक इच्छुकाला त्या राज्याचे प्रतिनिधी मिळतात, आणि ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक प्रतिनिधी तो उमेदवार. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे २,४२९ प्रतिनिधी होते आणि उमेदवारीसाठी १,२१५ लागत होते.

आता प्रश्न येतो, एखाद्या पक्षाच्या प्रायमरीत मत कुणी द्यायचं? याचं उत्तर राज्यागणिक बदलतं.

न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा अशा राज्यांत प्रायमरी ‘बंद’ असते. यादीत तुमच्या नावापुढे त्या पक्षाचं नाव असेल तरच मत. ‘कुठलाच नाही’ लिहिलं असेल तर त्या दिवशी तुम्ही प्रेक्षक.

टेक्सास, मिशिगन, व्हर्जिनिया इथे मतदाराची पक्षवार नोंद होतच नाही. मतदान करतानाच ठरवायचं की आज कुठल्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची. एकाच पक्षाची मिळते, दोन्हीकडे हात मारता येत नाही.

न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांत मधला मार्ग आहे. ‘कुठलाच नाही’ वाल्यांना कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत जाता येतं. कॅलिफोर्नियात तर अध्यक्षपदासाठी पक्षागणिक नियम वेगळा: २०२४ मध्ये डेमोक्रॅट्सनी अशा मतदारांना मागितल्यावर मतपत्रिका दिली, रिपब्लिकन पक्षाने दिली नाही.

कॅलिफोर्नियात आणखी एक गंमत आहे, अर्थात ज्याची झाली त्याला गंमत वाटत नाही. तिथे ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’ नावाचा खराखुरा पक्ष आहे. १९६८ मध्ये वंशभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्या उमेदवारीतून उभा राहिलेला, कट्टर उजवा. अर्ज भरताना ‘इंडिपेंडंट’ शब्द दिसला की लोक खूण करून मोकळे होतात. त्यांना वाटतं आपण कुठल्याच पक्षाचे नाही म्हणून नोंदवलं. लॉस एंजेलिस टाइम्सने २०१६ मध्ये चौकशी केली तेव्हा या पक्षाच्या यादीतल्या बहुतेकांना आपण तिथे आहोत याचा पत्ताच नव्हता.

हा हक्क तरुणांच्या भांडणातूनच आला

तिकीट मतदारांनी द्यायचं, ही पद्धत पूर्वीपासून अशी नव्हती. हिच्यामागे १९६८ चं वर्ष आहे.

व्हिएतनाम युद्ध पेटलं होतं. १८ वर्षांच्या मुलांना सक्तीने सैन्यात घेतलं जात होतं, पण बहुतेक राज्यांत मतदानाचं वय होतं २१. युद्धाविरुद्ध बोलणारे सिनेटर युजीन मॅकार्थी डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उभे राहिले, तर कॉलेजातली पोरं त्यांच्या प्रचाराला धावली. लोक बिचकू नयेत म्हणून अनेकांनी वाढवलेले केस आणि दाढ्या कापल्या आणि न्यू हॅम्पशायरमध्ये दारोदार फिरले. मार्चमधल्या त्या प्रायमरीत मॅकार्थींनी विद्यमान अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यासमोर ४२ टक्के मतं घेतली. महिना संपायच्या आत जॉन्सन यांनी आपण पुन्हा लढणार नाही असं जाहीर केलं. त्याआधीच रॉबर्ट केनेडीही शर्यतीत उतरले होते, पण जूनमध्ये त्यांची हत्या झाली.

आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी कुणाला मिळाली? उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती! पक्षाच्या जुन्या नेत्यांनी आतल्या आत गणित जमवलं होतं. बाहेर रस्त्यावर तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या आणि ते टीव्हीवर सगळा देश बघत होता. नोव्हेंबरमध्ये हम्फ्री हरले, रिचर्ड निक्सन जिंकले.

या धक्क्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने नियम बदलायला समिती नेमली, आणि उमेदवार ठरवण्याची सत्ता नेत्यांच्या खोलीतून मतदाराकडे सरकली. पाठोपाठ रिपब्लिकन पक्षातही प्रायमरीच मुख्य झाली. दुसरीकडे मतदानाचं वय १८ करणारी २६ वी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाल्यावर अवघ्या १०० दिवसांत राज्यांनीही मान्य केली आणि १ जुलै १९७१ ला पक्की झाली. (आपल्याकडे २१ चं १८ व्हायला १९८९ उजाडलं.)

१९७२ मध्ये युद्धविरोधी जॉर्ज मॅकगव्हर्न उमेदवार झाले. आता तरुण त्यांना डोक्यावर घेणार असं सगळ्यांना वाटलं. पण निकाल काय? निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, आणि पहिल्यांदाच मत देणाऱ्या तरुणांमध्येही मॅकगव्हर्न यांची लाट वगैरे दिसली नाही. ‘तरुण’ हा एकगठ्ठा मतदार नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

तरुण म्हणजे डेमोक्रॅट, हे खरं का?

आकड्यांकडे जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. मतदान गुप्त असतं, त्यामुळे ‘तरुणांनी अमुक टक्के मतं दिली’ हा आकडा मतदान केंद्राबाहेर विचारून किंवा सर्वेक्षणातून काढलेला अंदाज असतो. दोन संस्थांचे आकडे चार-पाच टक्क्यांनी वेगळे येऊ शकतात.

१९८४ मध्ये रोनाल्ड रेगन ७३ वर्षांचे होते, रिपब्लिकन होते, आणि तिशीच्या आतल्या जवळपास ६० टक्के मतदारांनी त्यांना पसंती दिली. २००० मध्ये तरुणांची मतं अल गोर आणि जॉर्ज बुश यांच्यात जवळजवळ निम्मी-निम्मी वाटली गेली. २००८ मध्ये बराक ओबामांनी चित्र पालटलं. १८ ते २९ वयोगटात त्यांना ६६ टक्के, जॉन मॅकेन यांना ३२. २०२० मध्ये जो बायडन यांना ६० टक्क्यांच्या आसपास. आणि २०२४ मध्ये एक्झिट पोलनुसार कमला हॅरिस ५४, ट्रम्प ४३. एपीच्या सर्वेक्षणात तर हे अंतर आणखी कमी, ५१ विरुद्ध ४७.

म्हणजे गेल्या २० वर्षांत तरुणांचा कल डेमोक्रॅट्सकडे राहिलाय हे खरं. पण तो जन्मसिद्ध नाही.

मग कल ठरतो कशाने? पहिली गोष्ट, घर. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत दिसलं की रिपब्लिकन पालकांची दहातली आठ किशोरवयीन मुलं रिपब्लिकन बाजूचीच होती, आणि डेमोक्रॅट पालकांच्या मुलांत हे प्रमाण आणखी जास्त होतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही वयात येताना देशात काय चाललं होतं. कोलंबिया विद्यापीठाचे अँड्र्यू गेलमन आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकांची सर्वेक्षणं तपासली. त्यांच्या गणितानुसार १४ ते २४ या वयातल्या राजकीय घटना माणसाच्या मनावर सर्वात खोल उमटतात, आणि १८ व्या वर्षीच्या घटनेचं वजन ४० व्या वर्षीच्या घटनेच्या साधारण तिप्पट असतं. रेगन यांच्या काळात १८ चे झालेले पुढेही रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले राहिले. इराक युद्ध आणि २००८ ची मंदी बघत मोठे झालेले ओबामांकडे गेले.

आता २०२४ मध्ये पहिल्यांदा मत देणाऱ्याचा विचार करा. कोव्हिडमध्ये शाळा स्क्रीनवर गेली. जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर पोहोचला, तेव्हा अध्यक्ष होते बायडन. घरभाडं, कॉलेजची फी, किराणा सगळं डोळ्यांदेखत वाढलं. ट्रम्प पहिल्यांदा अध्यक्ष झाले तेव्हा हा पोरगा दहा-अकरा वर्षांचा होता. त्याच्या अनुभवात ‘सत्तेवरचे लोक’ म्हणजे डेमोक्रॅट्स.

येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०२५ च्या वसंतात केलेल्या सर्वेक्षणात हे स्पष्ट दिसलं. २२ ते २९ वयाचे मतदार डेमोक्रॅट्सकडे ६ टक्क्यांनी झुकलेले, तर १८ ते २१ चे रिपब्लिकनांकडे जवळपास १२ टक्क्यांनी. थोरला भाऊ एका बाजूला, धाकटा दुसऱ्या.

मुलं एकीकडे, मुली दुसरीकडे

२०२४ मध्ये दुसरी फूट पडली ती मुलगे आणि मुली अशी. एक्झिट पोलनुसार तिशीच्या आतल्या साधारण ६० टक्के महिलांनी हॅरिस यांना मत दिलं. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये ट्रम्प किंचित पुढे होते, आणि एपीच्या सर्वेक्षणात तर ते बरेच पुढे होते.

मुलींसाठी मोठा मुद्दा होता गर्भपाताचा. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळपास ५० वर्षांचा हक्क काढून राज्यांवर सोपवला. मुलांकडे ट्रम्प पोहोचले ते पॉडकास्टमधून. जो रोगन यांच्यासोबत ते ऑक्टोबर २०२४ मध्ये जवळपास तीन तास गप्पा मारत बसले. हॅरिस गेल्या ‘कॉल हर डॅडी’ या तरुणींमध्ये लोकप्रिय असलेल्या पॉडकास्टवर. दोघांनी आपापला श्रोता बरोबर ओळखला होता.

हॅरिस यांच्या नावाने त्या उन्हाळ्यात मीम्सचा पूर आला होता. चेन्नईहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या त्यांच्या आईच्या तोंडचं ‘नारळाच्या झाडावरून पडलात का?’ हे वाक्य जगभर फिरलं. पण लाइक म्हणजे मत नव्हे. टफ्ट्स विद्यापीठातल्या सर्कल या संस्थेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये १८ ते २९ वयाच्या ५० टक्के तरुणांनी मतदान केलं होतं, २०२४ मध्ये ते ४७ टक्क्यांवर आलं. आणि ६५ च्या पुढचे? त्यांच्यातल्या चारातल्या तिघांनी मत दिलं.

आणि जे ट्रम्पकडे गेले ते तिथेच थांबले असंही नाही. हार्वर्डच्या २०२५ च्या युवा सर्वेक्षणात ट्रम्प यांच्या कामावर खूश असलेले तरुण ३० टक्क्यांच्या आसपासच निघाले.

मग ‘कुठल्याच पक्षाचे नाही’ वाढतात का?

गॅलप ही संस्था वर्षानुवर्षं अमेरिकनांना विचारते, तुम्ही स्वतःला काय म्हणता? २०२४ मध्ये डेमोक्रॅट २८ टक्के, रिपब्लिकन २८ टक्के आणि ‘कुठलाच नाही’ ४३ टक्के. २०२५ मध्ये हा शेवटचा आकडा ४५ टक्क्यांवर गेला, आणि तरुण पिढीत निम्म्याच्याही वर.

कारणं समजण्यासारखी आहेत. दोन्ही पक्षांचे चेहरे म्हातारे. २०२४ च्या सुरुवातीला लढत होती ८१ वर्षांचे बायडन विरुद्ध ७७ वर्षांचे ट्रम्प अशी. शिक्षणाचं कर्ज माफ करू म्हणाले, ती योजना न्यायालयात अडकून रद्द झाली. घर घेणं हाताबाहेर गेलं. गाझाच्या युद्धावरून कॅम्पसमध्ये तंबू पडले. अशा वेळी ‘मी कुणाचाच नाही’ म्हणणं प्रामाणिक वाटतं.

पण याची किंमत बघा. २०२४ मध्ये ट्रम्प आणि बायडन या दोघांनीही १२ मार्चलाच उमेदवारीपुरते प्रतिनिधी जमवले. मुख्य निवडणुकीला आठ महिने बाकी होते आणि बऱ्याच राज्यांत प्रायमरी व्हायचीच होती. नंतर २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली आणि हॅरिस प्रतिनिधींच्या मतांवर उमेदवार झाल्या. नोव्हेंबरमध्ये ‘दोन्ही नावं आवडत नाहीत’ म्हणणाऱ्या तरुणाला विचारलं, ‘मार्चमध्ये तू कुठे होतास?’, तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं: मला माहीतच नव्हतं.

ज्यांना माहीत होतं त्यांनी ती संधी वापरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत एक लाखाहून जास्त लोकांनी बायडन यांच्या गाझा धोरणाचा निषेध म्हणून ‘अनकमिटेड’, म्हणजे ‘कुणालाच बांधील नाही’, हा पर्याय निवडला. अरब वस्तीच्या डिअरबॉर्नसोबत विद्यापीठांच्या गावांतही त्याचा जोर होता.

तरुण आले तर काय होतं, नाही आले तर काय?

३ जानेवारी २००८, आयोवा. कडाक्याची थंडी, कॉकसचा दिवस. हिलरी क्लिंटन यांचं पारडं जड मानलं जात होतं. पण त्या रात्री तिशीच्या आतले मतदार मोठ्या संख्येने हॉलमध्ये पोहोचले आणि त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी ओबामांना साथ दिली. ओबामा पहिले, क्लिंटन तिसऱ्या. तिथून पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

आता २०१६. ७४ वर्षांचे बर्नी सँडर्स तरुणांचे हिरो झाले. त्या वर्षीच्या प्रायमरीत तिशीच्या आतल्या जितक्या मतदारांनी त्यांना मत दिलं, तितकी मतं क्लिंटन आणि ट्रम्प या दोघांना मिळूनही पडली नाहीत. पण न्यूयॉर्कमध्ये तोच दरवाजा बंद होता. पक्ष बदलायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५, आणि डेमोक्रॅट इच्छुकांची पहिली टीव्ही चर्चा झाली १३ ऑक्टोबरला. माणूस ऐकायच्या आधीच त्याला मत द्यायची मुदत संपलेली! राज्यातले ३० लाखांहून जास्त मतदार दोन्ही मोठ्या पक्षांच्या बाहेर होते, त्यांना त्या दिवशी मत नव्हतं. क्लिंटन तिथे आरामात जिंकल्या.

२०२० मध्ये सँडर्स पुन्हा लढले. सोशल मीडियावर तेच ते. पण ३ मार्चच्या ‘सुपर ट्यूसडे’ला, एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान झालं तेव्हा, रांगांमध्ये तरुणांपेक्षा ज्येष्ठ कितीतरी जास्त होते. तरुणांना बाहेर काढण्यात अपेक्षेइतकं यश आलं नाही, हे दुसऱ्या दिवशी सँडर्स यांनीच मान्य केलं. बायडन पुढे गेले.

याउलट ताजं उदाहरण न्यूयॉर्क शहराचंच. निवडणूक महापौराची, पण पद्धत तीच. जून २०२५ मध्ये ३३ वर्षांचे झोहरान ममदानी (दिग्दर्शिका मीरा नायर यांचा मुलगा) माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना हरवून डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. प्रायमरी बंद होती, आणि पक्षाची नोंद बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपली होती, तेव्हा ममदानींचं नाव फारसं कुणाला माहीतही नव्हतं. तरीही आधीच यादीत असलेले आणि नव्याने नाव नोंदवणारे तरुण मोठ्या संख्येने आले. नोव्हेंबरमध्ये ते महापौर म्हणून निवडून आले. (अध्यक्ष मात्र ते होऊ शकत नाहीत. जन्म युगांडाचा, आणि त्या पदासाठी जन्मतः अमेरिकन नागरिक असावं लागतं.)

आपल्या माणसांचा संबंध कुठे येतो?

दोन ठिकाणी. पहिलं, मिशिगनचे खासदार श्री ठाणेदार. बेळगावातून गेलेले, ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र मराठी घरांत वाचलं गेलेले. २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. मतं फुटली आणि ठाणेदार साधारण २८ टक्क्यांवर जिंकले. हा भाग डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरची लढत औपचारिकताच होती. म्हणजे खासदार खऱ्या अर्थाने ठरला ऑगस्टमध्ये, थोड्या लोकांनी केलेल्या मतदानात.

दुसरं, तिथे वाढलेली मुलं. भारतीय वंशाचे मतदार वर्षानुवर्षं डेमोक्रॅट्सच्या बाजूचे मानले जातात. पण कार्नेगी संस्थेच्या २०२४ च्या सर्वेक्षणात चाळिशीच्या आतल्या भारतीय वंशाच्या पुरुषांमध्ये ४८ टक्के ट्रम्पकडे आणि ४४ टक्के हॅरिसकडे निघाले. त्याच वयाच्या महिलांमध्ये ६० टक्के हॅरिसकडे. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात भाऊ-बहीण दोन बाजूंना असतील तर नवल वाटायला नको.

आणि तुमच्या ओळखीचं कुणी तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलं असेल तर एक महत्त्वाची गोष्ट त्याला जरूर सांगा. स्टुडंट व्हिसा, एच-१बी, अगदी ग्रीन कार्ड असलं तरी या निवडणुकीत मत देता येत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना तिथे मतदार नोंदणीचंही विचारतात. घाईत ‘हो, मी नागरिक आहे’ यावर खूण केली तर तो गुन्हा ठरू शकतो आणि देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

२०२८ मध्ये काय बघायचं?

पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. २२ व्या घटनादुरुस्तीमुळे कुणालाही दोनदाच अध्यक्ष म्हणून निवडून येता येतं, त्यामुळे ट्रम्प पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत. मैदान दोन्ही पक्षांत मोकळं आहे, आणि अशा वर्षी प्रायमरीतल्या एकेका मताचं वजन वाढतं.

त्या दिवशी १८ पूर्ण झालेले, म्हणजे नोव्हेंबर २०१० च्या पहिल्या आठवड्यापर्यंत जन्मलेले सगळे नागरिक मत देऊ शकतील. काही राज्यांत तर १७ वर्षांच्या मुलांनाही प्रायमरीत मत देता येतं, अट एवढीच की मुख्य निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण झाली पाहिजेत. २०१६ मध्ये ओहायोत अशा मुलांना अध्यक्षपदाच्या प्रायमरीत मत देऊ द्यायला अधिकाऱ्यांनी नकार दिला, तर शाळकरी मुलं कोर्टात गेली आणि मतदानाच्या चार दिवस आधी जिंकून आली.

त्यामुळे २०२८ मध्ये ‘तरुण कुणाकडे?’ असा व्हिडिओ समोर आला तर आधी तारीख बघा. ऑक्टोबरमधला असेल, तर तो दोन नावांपैकी एक निवडण्याबद्दल बोलतोय. ती दोन नावं मात्र कितीतरी आधी ठरलेली असतील. कुणी ठरवली, हे बघायचं असेल तर मार्चमधल्या प्रायमरीच्या रांगा बघा, आणि त्याहीआधी नोंदणीच्या अर्जातली ती एक चौकट.

इव्हांका आणि एरिक यांना ती चौकट भरायला जमली नव्हती, तरी वडील उमेदवार झाले, पुढे अध्यक्षही झाले. पण ज्या तरुणाचे वडील निवडणुकीला उभे नाहीत आणि ज्याला आपलं भाडं, आपली फी, आपली नोकरी यावर बोलणारा उमेदवार हवाय, त्याच्याकडे तेवढं एकच मत असतं. ते नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवलं, तर त्यातलं अर्धं आधीच खर्च झालेलं असतं.